ताय: मधल्या ओळीच्या नोंदी

2 सप्टेंबर 2023, शनिवार

ताय, म्हणजे जुन्या फ्रेंच वाद्यवृंदातलं एक तंतुवाद्य, घरी आली. दिसायला अंगाने मोठा व्हायोला (व्हायोलिनच्याच जातीचं, पण खालच्या सुरांचं वाद्य). तारा लावायच्या त्याही व्हायोलासारख्याच, तळापासून सी, जी, डी, ए. नेदरलँड्समधल्या उत्रेख्तजवळच्या एका वाद्यकारबाईंनी ती जुन्या नमुन्यावरून घडवली आहे आणि आमच्या हौशी वाद्यवृंदाला या एका प्रकल्पापुरती भाड्याने दिली आहे. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी परत करायची.

बेत असा. फ्रेंच राजदरबाराचा संगीतकार जाँ-बातिस्त ल्युली याच्या 'आर्मीद' (1686) या ऑपेरातली ओव्हर्चर (सुरुवातीचं वादन), काही नाच आणि पाचव्या अंकातला मोठा पासाकाय (बासच्या एकाच आवर्तनावर रचलेला नाच). उत्तरार्धात गेओर्ग मुफाट या संगीतकाराचा एक 'सूट', म्हणजे नाचांची माळ. सगळं त्या काळच्या घडणीच्या वाद्यांवर, तातेच्या (आतड्याच्या) तारांवर, त्या काळच्या पट्टीत. एक आड एक शनिवारी अशा सहा तालमी आणि 25 नोव्हेंबरला शहरातल्या एका छोट्या चर्चमध्ये कार्यक्रम. आम्ही अठरा जण: तंतुवाद्यांवर तेरा, दोन ओबो आणि एक बासून (दोन्ही फुंकवाद्यं, बासून खालच्या सुरांचं), हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) आणि थिऑर्बो (लांब मानेचं, छेडून वाजवायचं वाद्य).

मला मधली ओळ मिळाली. आजच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलाची ओळ एकच असते. ल्युलीच्या फ्रान्समध्ये तंतुवाद्यांच्या पाच ओळी होत्या: सर्वांत वर देस्यू, सर्वांत खाली बास, आणि मध्ये ओत-कोंत्र, ताय व कँत. मधली तिन्ही वाद्यं एकाच सुरांत लावलेली, फक्त अंगाने लहानमोठी, त्यामुळे प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ठिकाणी भरतो. राजाच्या पदरी 'चोवीस व्हायोलिन' नावाचा ताफा होता. त्यात वर सहा, खाली सहा आणि मध्ये चार-चार-चार. म्हणजे चोवीसपैकी बारा माणसं मधल्या ओळींत, निम्मा ताफा. हा आकडा वाचला तेव्हापासून मला ही ओळ वाजवायची होती.

या मापाची खरी जुनी वाद्यं फार कमी उरली. इटालियन वाद्यकार स्ट्राडिव्हारीने 1690 साली फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्यासाठी केलेला टेनर व्हायोला फ्लॉरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात आहे, अंग सुमारे 48 सेंटीमीटर, आणि दांडीसुद्धा मूळचीच. असं भाग्य क्वचित. पाच ओळींची चाल मागे पडल्यावर मोठी वाद्यं कुणाला नकोशी झाली, आणि त्यांतली बरीच पुढच्या पिढ्यांनी कापून व्हायोलाच्या मापाची केली.

5 सप्टेंबर, मंगळवार

तारांविषयी. या तारा मेंढीच्या आतड्याच्या. मराठीत यासाठी 'तात' हा नेमका शब्द आहे, आणि तो मला पिंजाऱ्यामुळे माहीत आहे. डोंबिवलीत लहानपणी गाद्या पिंजायला माणूस यायचा, त्याच्या धनुकलीला तात असायची, आणि तिचा तो जाड, कोरडा टणत्कार दुपारभर चालायचा. सारंगीलाही तात असते. धातूच्या तारेवर गज टेकला की आवाज निघतोच. तातेवर आधी पकड लागते, मग आवाज सुटतो. प्रत्येक सुराला सुरुवातीला एक व्यंजन असतं असं म्हणता येईल.

तळाची सी सर्वांत जाड आणि सर्वांत हट्टी. घाईने गज ओढला तर नुसता खरखरते. आज पाऊण तास फक्त तीच वाजवली, संथ, गजाचं वजन कुठे द्यायचं ते शोधत.

हनुवटीला आधार नाही, खांद्याखाली उशी नाही. व्हायोलिनवर वरच्या जागांवरून खाली येताना याचा त्रास होतो. माझी ओळ मात्र जवळजवळ सगळी डाव्या हाताच्या पहिल्या जागेवर आहे, हात सरकवावा लागत नाही. लिहिणाऱ्याला हे वाद्य ठाऊक होतं.

9 सप्टेंबर, शनिवार. पहिली तालीम

दोन गोष्टींनी दमवलं.

पहिली पट्टी. आज बहुतेक ठिकाणी ए म्हणजे 440 हर्ट्झ धरतात. बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतासाठी बहुतेक मंडळी 415 घेतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. ती आपल्या काळाने सोयीसाठी केलेली तडजोड आहे. त्या काळी गावागावाची पट्टी वेगळी होती. ल्युलीच्या फ्रेंच ऑपेरासाठी आम्ही 392 घेतो आहोत, म्हणजे आजच्यापेक्षा पूर्ण एक स्वर खाली. कागदावर ए, कानात जी. ओबोवाल्यांनी यासाठी वेगळे, लांब ओबो आणले आहेत. आवाज खाली आल्याबरोबर सगळ्या वृंदाचा रंग बदलतो, खोल आणि तपकिरी होतो. बासची मंडळी 'बास द व्हिओलाँ' वाजवतात. तो चेलोपेक्षा मोठा आणि एक स्वर खाली लावलेला असतो. डबल बास नाहीच. ल्युलीच्या हयातीत त्याच्या वृंदात तो नव्हता.

दुसरी गोष्ट क्लेफ, म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला सूर ते सांगणारी ओळीच्या सुरुवातीची खूण. व्हायोला वाजवणाऱ्यांना मधला सी तिसऱ्या रेषेवर वाचायची सवय असते. ताय लिहितात दुसऱ्या रेषेवर. ओत-कोंत्र पहिल्या, ताय दुसऱ्या, कँत तिसऱ्या. म्हणजे कँतवाल्या दोघींना काही नवं नाही आणि मला प्रत्येक सूर एका रेषेने चुकतो. पहिला तासभर मी हरवलेलीच होते. मग स्वरांची इंग्रजी नावं सोडून दिली. हा तुकडा कुठल्या सा-चा आहे ते पाहायचं, सा कुठल्या रेषेवर बसला ते धरायचं आणि बाकीचं सरगममध्ये वाचायचं. दहा मिनिटांत ओळ वाहू लागली. सा हलवण्याची सवय आईच्या रियाजातून आलेली, आणि इथे ती थेट कामाला आली.

14 सप्टेंबर, गुरुवार

गज. आखूड, बाहेरच्या बाजूला किंचित कमानदार, टोकाशी हलका. आजचा आतल्या बाजूला वाकलेला गज पॅरिसमध्ये फ्रांस्वा तूर्त या गज घडवणाऱ्या कारागिराने 1780 च्या दशकात पक्का केला, तो यानंतर शंभर वर्षांनी. फ्रेंच पकडीत अंगठा काठीला नव्हे तर केसांच्या खाली लागतो. अंगठ्याने केस ताणता येतात, ढिले करता येतात, सूर चालू असतानाही. दोन दिवसांत अंगठ्याला घट्टा पडायला लागला आहे.

23 सप्टेंबर, शनिवार. दुसरी तालीम

आजचा पूर्ण दिवस गजाच्या दिशेवर गेला, आणि त्यातच या संगीताचा अर्धा प्राण आहे.

इथे मुफाट उपयोगी पडतो. त्याचा जन्म 1653 चा, आल्प्स पर्वतातल्या साव्हॉय प्रांतातल्या मेझेव्हचा. पोरवयात पॅरिसला सहा वर्षं राहून त्याने ल्युलीची शैली जवळून पाहिली, पुढे रोममध्ये इटालियन संगीतकार कोरेल्ली ऐकला, आणि शेवटी जर्मनीतल्या पासाउच्या बिशपच्या पदरी राहिला. 1698 साली 'फ्लोरिलेजिअम' या आपल्या सूटसंग्रहाचा दुसरा भाग छापताना त्याने लॅटिन, जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा चार भाषांत प्रस्तावना लिहिली आणि ल्युलीची माणसं नेमकं कसं वाजवतात ते नियमांसह सांगितलं. जर्मन वादकांनी ती शैली ऐकलेली नव्हती, त्यांच्यासाठी. सव्वातीनशे वर्षांनंतर आमची अवस्था तीच. म्हणून ही प्रस्तावना आमच्या लीडरबाईंच्या स्टँडवर सतत उघडी असते.

मुख्य नियम साधा आहे. गजाच्या दोन दिशांना फ्रेंच लोक 'ओढणं' आणि 'ढकलणं' म्हणतात. बारचा (मात्रांच्या एका गटाचा) पहिला सूर नेहमी ओढून वाजवायचा. तीन मात्रांच्या बारमध्ये ओढ-ढकल-ओढ झाली की पुढच्या बारची पहिली पुन्हा ओढ. म्हणजे दोन ओढी लागोपाठ, मध्ये गज उचलून मुळाशी आणायचा. लय जलद असेल तर ओढ, मग एकाच दिशेत तुटक ढकल-ढकल. इटालियन पद्धतीत मात्र ओढ-ढकल-ओढ, ढकल-ओढ-ढकल असं आळीपाळीने जातं, वाद्यवृंद कापडासारखा सलग वाटतो आणि गजाला कुठे उचलावं लागत नाही.

वाचायला हे कारकुनी वाटतं. हातात घेतल्यावर कळतं की गज उचलण्याच्या त्या क्षणी एक बारीक पोकळी तयार होते, आणि नाचणाऱ्याचा पाय तिच्यातच उठतो. तबल्यावर सम येण्याआधी जी हवा थांबते, तीच. तेरा जणांनी एकदम गज उचलला तेव्हा खोलीतला आवाज क्षणभर वर गेला आणि पहिल्या मात्रेवर उतरला. लीडरबाई काही बोलल्या नाहीत, तोच तुकडा आणखी चार वेळा घेतला.

मला लहानपणापासून उलटं शिकवलेलं. मुंबईतले माझे सर गोव्याचे, तिथल्या चर्चच्या शाळेत सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलेले, अत्यंत शिस्तीचे. त्यांचा आग्रह असा की वर-खाली गज बदलल्याचं कुणाला कळता कामा नये. ती शिस्त माझ्या हातात पंचवीस वर्षं आहे. ती मोडत नाही आहे, बाजूला ठेवते आहे.

1 ऑक्टोबर, रविवार

ए ची तात फुलारली. एक बारीक तंतू सुटून उभा राहिला. ओढायचा नाही, नखं कापायच्या कात्रीने मुळाशी कापायचा आणि बदामाच्या तेलाचं बोट फिरवायचं. तार अजून दोन-तीन आठवडे चालेल. दुसरी मागवून ठेवली.

7 ऑक्टोबर, शनिवार. तिसरी तालीम

आज मी वारंवार बेसूर ठरले, आणि दर वेळी एकाच सुरावर.

पासाकाय जी मायनरमध्ये, म्हणजे जी वरच्या कोमल गंधाराच्या सप्तकात आहे. तळाशी बास पुन्हा पुन्हा उतरतो: जी, एफ, ई-फ्लॅट, डी. जी ला सा मानलं तर सा, कोमल नी, कोमल ध, प. तीन मात्रांचे चार बार म्हणजे बारा मात्रांचं आवर्तन, आणि त्यावर वरच्या ओळी विस्तार करत जातात. आवर्तनाच्या शेवटी डी वर जी जुळणी (कॉर्ड, एकत्र वाजणारे सूर) येते तिच्यात एफ-शार्प (एफ पेक्षा अर्धा स्वर वरचा) असतो, आणि तो बऱ्याचदा माझ्याकडे. एफ-शार्प पुढे जी कडे जातो. व्हायोलिनच्या शाळेत शिकवतात की असा सूर घरच्या सुराला चिकटवावा, चढा ठेवावा. मी चढवला. हार्पसिकॉर्डवाला थांबला.

त्याने वाद्य मीनटोन या जुन्या पद्धतीने लावलं आहे. हिशेब असा. एका अर्ध्या स्वराचे 100 सेंट धरले, तर आजच्या पियानोवर किंवा पेटीवर शुद्ध गंधार सा-पासून 400 सेंटवर असतो. निसर्गाचा, 5:4 या प्रमाणाचा गंधार 386 वर. मीनटोनमध्ये हे गंधार निर्मळ मिळावेत म्हणून पंचम किंचित आखडून लावतात, प्रत्येकी सुमारे 5 सेंट. माझा एफ-शार्प म्हणजे डी चा गंधार. तो 386 वर हवा, आणि मी 400 च्याही वर जात होते. आमच्या पट्टीत मधला डी सुमारे 262 हर्ट्झ आहे. त्यावर पियानोच्या मापाचा गंधार धरला तरी सेकंदाला दहाएक हेलकावे ऐकू येतात, शाळेच्या पुस्तकात ज्यांना विस्पंद म्हणतात ते. तातेच्या तारा आणि कंपन न देता धरलेला सूर यांत ते लपत नाहीत.

हे फक्त हार्पसिकॉर्डवाल्यांचं खूळ नव्हतं. 1752 साली बासरीवर ग्रंथ लिहिणाऱ्या जर्मन बासरीवादक क्वांट्सच्या बासरीला डी-शार्प आणि ई-फ्लॅटसाठी दोन वेगळ्या कळा होत्या. लेओपोल्ड मोझार्टच्या (प्रसिद्ध मोझार्टच्या वडिलांच्या) 1756 च्या व्हायोलिनवरच्या ग्रंथातही फ्लॅटचे स्वर शार्पपेक्षा एका कोमाने, म्हणजे थोड्याशा अंतराने, वर सांगितले आहेत. माझ्या बोटांना मिळालेली शिकवण याच्या बरोबर उलटी आहे.

मोकळ्या ताराही शुद्ध पंचमांनी लावायच्या नाहीत. ए पासून खाली तीन शुद्ध पंचम मोजत गेलं तर तळाची सी हार्पसिकॉर्डपेक्षा सुमारे 16 सेंट उतरलेली सापडते. चारही तारा हार्पसिकॉर्डवरून, एकेक करून घ्यायच्या.

तीन तासांनंतरही एफ-शार्प खाली घेताना मला काहीतरी चुकतं आहे असंच वाटत होतं.

8 ऑक्टोबर, रविवार

आईला फोन केला आणि तो सूर तिला वाजवून दाखवला. आधी डी दोन तारांवर घुमवला, मग माझ्या सवयीचा एफ-शार्प, मग खालचा.

"पहिला पेटीचा," ती म्हणाली. "दुसरा बरोबर."

"पण मला तो उतरलेला वाटतो गं."

"उतरलेला नाही, जागेवरचा आहे. तू तंबोऱ्याजवळ बसायचीस तेव्हा हाच ऐकायचीस. खर्जाच्या तारेतून येतो तो."

स्वयंभू गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी खर्ज नीट लागला की त्याच्या पोटातून, पाचव्या स्वरांशातून गंधार वर येतो. लहानपणी आई मला विचारायची, आला का? मी हो म्हणायचे तेव्हाच तिचं गाणं सुरू व्हायचं. हा सूर मला व्हायोलिन हातात येण्याच्या आधीपासून माहीत होता. पेटीच्या याच तडजोडीवर आपल्याकडे केवढे वाद झाले; आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटी दूर ठेवली, त्यामागे सुरांचा हा मुद्दाही होता. आणि मी पॅरिसच्या 1686 च्या संगीतात हा गंधार नव्याने शिकायला निघाले होते.

संध्याकाळी तासभर फक्त डी आणि एफ-शार्प. हेलकावे थांबले की हलकेच एक तिसरा सूर खाली गुंजतो. आता बोट तिथेच जातं.

21 ऑक्टोबर, शनिवार. चौथी तालीम

सकाळ फक्त मधल्या ओळींची. दोन ओत-कोंत्र, दोन ताय, दोन कँत, एकीच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती. ना वरची चाल, ना खालचा बास, ना हार्पसिकॉर्ड.

मधल्या ओळींचा इतिहास थोडा उपेक्षेचा आहे. ल्युली वरची आणि खालची ओळ स्वतः लिहायचा आणि मधल्या तीन भरायचं काम मदतनिसांकडे सोपवायचा, असं अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून लिहिलेलं सापडतं. पास्काल कोलास हा त्या मदतनिसांपैकी एक. फ्रेंचमध्ये या ओळींना 'भरणी' अशाच अर्थाचं नाव आहे. ते वाचून वाटतं की इथे फार काही नसणार.

पासाकाय आम्ही सहा जणांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. चाल नाही, बास नाही, तरी ऐकताना कुठल्याही क्षणी तुकडा कोणता ते कळत होतं. ओत-कोंत्र एखादा सूर धरून ठेवते, आम्ही खालून त्याला टोचतो, तो नाइलाजाने एक पायरी उतरतो, आणि उतरतो तो नेमका कँतच्या रिकाम्या जागेत. वरच्या ओळीत जिथे फक्त एक लांब सूर आहे तिथे आत अशी हालचाल चालू असते. बाहेरून ऐकताना हे कधीच वेगळं ऐकू येत नाही. वरचा सूर थांबलेला असूनही पुढे सरकतो आहे असं का वाटतं, ते आज कळलं.

मग मी सुचवलं की प्रत्येक जुळणीत गंधार कुणाकडे आहे ते खुणेने लिहू. गंधारासाठी वापरतात तो 3 हा आकडा बोटांच्या आकड्यांत मिसळतो, म्हणून मी 'ग' लिहून दाखवला. मेजर जुळणीचा गंधार असेल तर साधा ग, खाली घ्यायचा. मायनरचा असेल तर भातखंडे लिपीत असतो तसा खाली आडवी रेघ असलेला ग; आणि तो सवयीपेक्षा चढा घ्यायचा, कारण मीनटोनमध्ये कोमल गंधार 300 वर नाही तर 310 वर बसतो. दरबारीच्या अतिकोमल गंधाराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. पाचही डच मंडळींनी पेन्सिलीने ग गिरवला. कँतवाल्या आजी निवृत्त परिचारिका आहेत, त्यांचा ग सर्वांत सुबक आला.

दुपारी पूर्ण वृंद जमेपर्यंत आमच्या सहाही प्रती ग-नी भरल्या होत्या. मोजून पाहिलं: पासाकायमध्ये वरच्या ओळीकडे गंधार येतो तेव्हा तो चालीचा भाग म्हणून येतो आणि लगेच पुढे जातो. जिथे जुळणी टिकते, तिथे तो बहुतेक वेळा आमच्या सहा जणांपैकी कुणाकडे तरी असतो. म्हणजे सगळी जुळणी गोड लागणार की खरखरीत, ते मधली ओळ ठरवते.

दुपारी लीडरबाईंनी दोन-तीनदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं. हार्पसिकॉर्डवाला एकदाही थांबला नाही.

4 नोव्हेंबर, शनिवार. पाचवी तालीम

असमान सूर. सारख्या लिहिलेल्या जोड्या फ्रेंच पद्धतीत लांब-आखूड वाजवतात, ओळ पायरी-पायरीने चालत असेल तेव्हा. किती असमान, ते लिहिता येत नाही. दोनास एक केलं तर घोडा दौडतो, अगदी समान केलं तर शिवणयंत्र. आम्ही पासाकायच्या गाण्याचे शब्द फ्रेंचमध्ये म्हणत चाललो, मग तेच गजाने. बोलण्यात जेवढी ओढ असते तेवढीच. जमलं, पण अजून कुणी-कुणी पुढे धावतं.

शेवटच्या तासाला एक नृत्यांगना आल्या होत्या. 'आर्मीद'च्या या पासाकायवरचं त्या काळचं नृत्यलेखन उपलब्ध आहे, फ्रेंच नृत्यगुरू फ्युये यांनी 1700 साली छापलेल्या पद्धतीतलं, पानावर पायांच्या वाटा काढलेलं. त्यांनी आमच्यासमोर काही आवर्तनं नाचली. आमची लय त्यांना संथ पडत होती. हवेत तरंगत राहावं लागतं म्हणाल्या. आम्ही थोडी वाढवली. गज उचलायची जागा आता त्यांच्या टाचेकडे बघून ठरते.

12 नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन

पणत्या लावल्या, आईशी बोलले, मग रियाज. तंबोऱ्याचं ॲप लावून. आमचा जी म्हणजे आजचा एफ, म्हणून सा पांढरी चार. डी साठी वेगळा सा. सगळे ग एकेक करून तपासले. दोन चुकीच्या जागी लिहिले होते, ते खोडले.

18 नोव्हेंबर, शनिवार. सहावी तालीम, चर्चमध्ये

दगडी इमारत, आत नऊ अंश. आम्ही पोचल्यावर व्यवस्थापकांनी मनापासून हीटर पूर्ण सोडला. वीस मिनिटांत गरम, कोरडा वारा थेट आमच्यावर. तात ही शेवटी कातडीची बहीण, हवेतला ओलावा घेते आणि सोडते. सगळ्यांचे सूर हलले, प्रत्येकाचे वेगळ्या वेगाने. हार्पसिकॉर्डही हलला. ओबो गरम होऊन चढले. दीड तास फक्त जुळवण्यात गेला, आणि माझी ए, 1 ऑक्टोबरला वाचवलेली, तुटली. नवी तार बसायला दोन दिवस लागतात, तोवर ती सारखी उतरत राहते. उरलेली तालीम दर पाच मिनिटांनी खुंटीला हात लावत वाजवली.

ठरलं ते असं: कार्यक्रमाच्या दिवशी हीटर सकाळी चालू करायचा आणि लोक येण्याआधी दोन तास बंद. तिकिटावर छापायचं की कोट सोबत ठेवा. हार्पसिकॉर्ड मध्यंतरात पुन्हा लावायचा. प्रत्येकाकडे जास्तीची ए.

25 नोव्हेंबर, शनिवार. कार्यक्रम

हॉल भरला, कोट घालूनच. ओव्हर्चरची सुरुवात थोडी घाबरट झाली, टिंबवाले (टिंब देऊन लांबवलेले) सूर एकत्र पडायला चार-पाच बार लागले. नाच चांगले गेले. मुफाटमध्ये मी एक पुनरावृत्ती विसरले आणि दोन बार गप्प बसले. शेजारच्या तायने ओळ सांभाळली.

पासाकायविषयी नीट लिहायचं आहे. सुरुवातीच्या आवर्तनांत मी फक्त बास ऐकत होते, सा-नी-ध-प, सा-नी-ध-प. आठ-दहा आवर्तनांनंतर ते मोजणं सुटलं. मग एका जागी, जिथे वरची ओळ पंचमावर थांबते, बास डी वर येतो, ओत-कोंत्र एक सूर धरून उतरते आणि माझा एफ-शार्प त्यांच्या मध्ये पडतो. साधा ग. बोट ठेवल्यावर कुठेही हेलकावा नव्हता. सूर माझा आहे असं ऐकूच आलं नाही. खालच्या डी मधूनच तो आल्यासारखा वाटला, आणि दगडी छतात थोडा वेळ राहिला. मग सगळ्यांनी गज उचलले आणि पुढचं आवर्तन सुरू झालं.

रात्री आईला ध्वनिमुद्रण पाठवलं. तिचा निरोप सकाळी आला: "सहाव्या मिनिटाला गंधार आला."

2 डिसेंबर, शनिवार

ताय परत केली. वाद्यकारबाईंनी घोडी तपासली, तारा थोड्याच ढिल्या केल्या. पूर्ण सोडल्या तर आतला खांब पडतो. नवी ए त्यांनी ठेवून घेतली, तुटलेली मी.

प्रतीही परत द्यायच्या होत्या. प्रती सांभाळणाऱ्यांचा नियम असा की गजाच्या खुणा ठेवायच्या, बाकी सगळं खोडायचं; वसंतात या दुसऱ्या वृंदाकडे जातात. टेबलावर बसून मी माझे ग खोडले. पेन्सिल जोरात दाबली होती, कागदावर वळ राहिले. बाकीच्या चार प्रती खोडूनच आल्या होत्या. कँतवाल्या आजींची आली नाही, पुढच्या आठवड्यात पोस्टाने पाठवतील.